शेवटचा हात परिचारिकेचा

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त ट्रस्टच्या रुग्णसेवा समितीने आयोजित केलेल्या मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय समितीने माझ्याकडे सोपविला तेव्हा काही जणांच्या भुवया उंचावल्या असल्यास नवल नाही. रुग्णाला औषध देताना परिचारिकेने घ्यावयाची काळजी, या विषयावर कापड दुकानदाराने काय बोलावे? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उभे आयुष्य गादीवर बसून ताके उलगडण्यात आणि मोजण्यात गेले. परंतु रुग्णसेवा समितीचा सभासद या नात्याने अनेक वर्षे रुग्णालयांच्या पायऱ्या चढलो, आणि औषधांची ट्रॉली कशी फिरते, तिच्यामागे किती व्यवधाने असतात, हे मेट्रनबाईंना विचारून विचारून समजून घेतले. शिवाय या कामात आपला, म्हणजे नातेवाइकांचा आणि देणगीदारांचा, जो वाटा आहे तो डॉक्टरांनी सांगण्यापेक्षा आपल्यातीलच कोणी सांगितलेला बरा. डॉक्टर संकोचापोटी तो सांगत नाहीत.

औषध रुग्णाच्या शरीरात जाईपर्यंत तीन हातांतून जाते. डॉक्टर लिहून देतात, औषधविक्रेता काढून देतो आणि परिचारिका प्रत्यक्ष देते. डॉक्टरांच्या हातून आकडा चुकला तर औषधविक्रेत्याच्या लक्षात येण्याचा संभव असतो. त्याने चुकीची पट्टी दिली तर परिचारिका ती परत पाठवू शकते. परंतु परिचारिकेच्या हातून चूक झाली तर तिच्यापुढे फक्त रुग्णाचे शरीर असते. म्हणून या साखळीत तिच्या हाताला जे महत्त्व आहे ते आपण कधी नीट ओळखले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न केवळ आपल्या देशातील नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने १९९९ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्या देशातील रुग्णालयांत सर्व प्रकारच्या वैद्यकीय चुका मिळून दरवर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण दगावतात, असा त्यात अंदाज होता, आणि औषधांतील चुका हे त्यातील एक मोठे प्रकरण होते. पुढे मार्च २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी इजा कमी करण्यासाठी जगभर मोहीम आरंभिली. औषधांतील चुकांपायी जगाला दरवर्षी सुमारे ४२ अब्ज डॉलर मोजावे लागतात, असा अंदाज तेव्हा मांडण्यात आला. १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन. २०२२ साली त्याचा विषय हाच होता.

परिचारिकांना शिक्षण घेताना पाच गोष्टी पाठ करविल्या जातात. रुग्ण योग्य, औषध योग्य, मात्रा योग्य, मार्ग योग्य आणि वेळ योग्य. ऐकायला किती सोपे! परंतु यातील पहिलीच पायरी किती निसरडी आहे ते पाहा.

बी.कॉम.ला आम्हांला तेरीज शिकविताना एक गोष्ट बजावून सांगत. तेरजेच्या दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे हिशेब बरोबर, असे समजू नका. एका गिऱ्हाईकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यावर मांडली तरी तेरीज बिनचूक जुळते. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, बाजू बरोबर. माणूस तेवढा चुकीचा. औषधाचेही तसेच आहे. औषध बरोबर, मात्रा बरोबर, वेळ बरोबर, आणि खाट शेजारची. औषधपत्रकावर सही झाली की कागद नेटका दिसतो. आमच्या खतावणीत अशी चूक सापडली की उलट नोंद करून ती दुरुस्त करता येते. शिरेत गेलेल्या इंजेक्शनची उलट नोंद करता येत नाही.

आणि आपल्या समाजात तर हा धोका अधिक. एकाच कक्षात तीन शहा, दोन मेहता आणि दोन ओसवाल असणे ही आपल्याकडे नित्याची बाब आहे. एका रुग्णालयात मी स्वतः पाहिले आहे. नवीन परिचारिकेने दारातून ‘शहा काका कोण?’ असे विचारले, आणि कानाने अधू असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मोठ्या प्रेमाने मान डोलावली. ते शहाच होते, पण ज्यांचे औषध होते ते शहा पलीकडच्या खाटेवर झोपलेले होते. मागून आलेल्या वरिष्ठ परिचारिकेने मनगटावरची पट्टी वाचली म्हणून निभावले. ‘तुम्ही शहा ना?’ असे विचारू नये, ‘आपले पूर्ण नाव सांगा’ असे विचारावे, हा नियम त्यामुळेच आहे. नाव आणि त्यासोबत जन्मतारीख किंवा रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, अशा दोन खुणा जुळल्याशिवाय औषध द्यायचे नाही. खाट क्रमांक ही खूण धरत नाहीत, कारण खाटा बदलतात.

आता आपण काय करतो? परिचारिकेने तिसऱ्या दिवशीही नाव विचारले की आपल्याला राग येतो. ‘आठ दिवस झाले, अजून नाव माहीत नाही का?’ असे शब्द मी आपल्याच मंडळींच्या तोंडून ऐकले आहेत. तिला नाव माहीत असते. ठाऊक असूनही ती विचारते, यातच तिची शिस्त आहे. बँकेतील रोखपाल आपल्याला वर्षानुवर्षे ओळखतो, तरी धनादेशावरची सही ताडून पाहतो. तेव्हा आपण कोणी रुसत नाही.

दुसरी गोष्ट औषधाच्या नावाची. सारखी दिसणारी आणि सारखी ऐकू येणारी नावे हे या व्यवसायातील फार जुने दुखणे आहे. अमेरिकेत पित्तावरचे लोसेक हे औषध बाजारात आल्यावर त्याची लघवीच्या लॅसिक्सशी गल्लत होऊ लागली, आणि १९९० साली कंपनीला आपल्या औषधाचे नावच बदलावे लागले. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही २००१ साली असा वाद आला होता. कॅडिला या एकाच नावाच्या दोन कंपन्या, आणि मेंदूच्या हिवतापावरील दोन औषधे, फाल्सिगो व फाल्सिटॅब. दोन्हींत द्रव्ये वेगळी, नावे मात्र जुळी. व्यापारचिन्हाच्या कायद्यात आम्हां कापडवाल्यांना जी सूट मिळते ती औषधांना देता येणार नाही, तेथे साम्य अधिक कडकपणे तपासले पाहिजे, अशा आशयाचा निर्णय न्यायालयाने दिला. डॉक्टर व औषधविक्रेते जाणकार असले तरी त्यांच्या हातूनही चूक होऊ शकते, हेही त्यात मान्य केलेले आहे. माझ्या दुकानात कोणी एका छापाऐवजी दुसऱ्या छापाची चादर नेली तर दुसऱ्या दिवशी बदलून देता येते. येथे ती सोय नाही, एवढाच त्या निर्णयाचा अर्थ मी माझ्यापुरता लावला.

अक्षराचाही यात मोठा भाग आहे. औषधे मूळ नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली केला. तरीही वाचता न येणारी चिठ्ठी आली तर अंदाजाने औषध न देता डॉक्टरांना पुन्हा विचारणे, हे परिचारिकेचे कर्तव्य आहे. त्यासाठी तिला रात्री अकरा वाजता फोन करण्याची मुभा हवी, आणि तो फोन घेणाऱ्याने तिच्यावर खेकसता कामा नये.

मात्रेविषयी बोलताना मला माझ्या धंद्याचा आधार घेऊ द्या. आपल्या माताभगिनी आजही नऊवारी, सहावारी असे म्हणतात, पण दुकानात आम्ही मीटरने फाडतो. १९५८ पासून मेट्रिक मापे आली तेव्हा वार आणि मीटर यांतील फरकाने किती भांडणे झाली, हे माझे वडील सांगत. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. आकडा तोच, माप वेगळे, की माल वेगळा. इन्सुलिनचे अगदी हेच आहे. आपल्या देशात इन्सुलिन दोन ताकदींत मिळते. एकात दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, दुसऱ्यात १००. दोन्हींच्या सिरिंजही वेगळ्या. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. समजा, १०० ताकदीचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला वीस नव्हे, पन्नास युनिट जातात. अडीचपट! साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो, प्रसंगी दगावतो. उलट गल्लत झाली तर वीसऐवजी आठच जातात आणि साखर का उतरत नाही याचा शोध सुरू होतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी इन्सुलिन टोचले जाते. आज घरी गेल्यावर कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, एवढे पाहावे.

आकडे लिहिण्याच्या रीतीही याच कारणाने ठरल्या आहेत. युनिट शब्दासाठी इंग्रजी ‘यू’ हे एकच अक्षर लिहू नये, कारण चारच्या पुढचा घाईतला यू शून्यासारखा दिसतो आणि चाराचे चाळीस होतात. अर्धा लिहायचा तर दशांश चिन्हाआधी शून्य लिहावे. पाच लिहायचे तर पुढे दशांश चिन्ह आणि शून्य लिहू नये, नाहीतर चिन्ह पुसट होऊन पन्नास वाचले जातात. धनादेशावर आपण रक्कम अक्षरी लिहितो ती काही हौस म्हणून नव्हे.

इन्सुलिन, रक्त पातळ करणारे हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराईड, कर्करोगाची औषधे, यांना अतिदक्षतेची औषधे म्हणतात. पोटॅशियम क्लोराईडची अँप्यूल पाण्यासारखी नितळ असते. सलाईनमध्ये विरळ करून हळूहळू दिली तर औषध. तशीच शिरेत ढकलली तर हृदय थांबते. म्हणून ती कक्षातील इतर औषधांत ठेवत नाहीत. अशा औषधांसाठी दोन परिचारिकांनी वेगवेगळा हिशेब करून मग ताडून पाहावयाचा असतो. एकीने केलेला हिशेब दुसरीने नुसता ‘बरोबर आहे’ म्हणून मान्य करणे, ही तपासणी नव्हे. दिवाळीच्या मेळात दोन मुनीम एकाच कागदावरून बेरीज वाचू लागले तर काय होते, ते आपण सर्व व्यापारी जाणतो.

मार्गाविषयी थोडक्यात सांगतो. व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगाचे औषध शिरेतूनच द्यावयाचे असते. ते चुकून मणक्यात दिले गेल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. घरगुती पातळीवर सांगायचे तर, नळीने अन्न घेणाऱ्या वृद्धाच्या सर्वच गोळ्या कुटून देऊ नयेत. काही गोळ्या पोटात सावकाश विरघळाव्यात म्हणून मुद्दाम तशा बनविलेल्या असतात. कुटली की दिवसभराचे औषध एका दमात जाते.

आता मी ज्या मुद्द्यासाठी उभा राहिलो त्याकडे येतो. हे सर्व नियम परिचारिकांना माहीत असतात. मग चुका का होतात? २०१० साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील दोन रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी ९८ परिचारिकांना ४,२७१ वेळा औषध देताना प्रत्यक्ष पाहिले. निम्म्याहून अधिक वेळा त्यांच्या कामात कोणीतरी व्यत्यय आणला होता, आणि दर व्यत्ययागणिक चुकांचे प्रमाण सुमारे बारा टक्क्यांनी वाढत होते. व्यत्यय म्हणजे काय? फोन, डॉक्टरांची हाक, आणि आपण. ‘सिस्टर, जरा पंखा लावा.’ ‘सिस्टर, डिस्चार्ज कधी?’ ‘सिस्टर, साहेबांचा माणूस आहे, आधी इकडे या.’ शेवटचे वाक्य देणगीदारांच्या पाहुण्यांकडून अधिक ऐकू येते, हे मला येथे बोलून दाखविले पाहिजे.

अमेरिकेतील नॅशव्हिल शहरातील एक घटना जगभरच्या परिचारिकांना ठाऊक आहे. डिसेंबर २०१७ मध्ये एका मोठ्या रुग्णालयात ७५ वर्षांच्या एका महिलेला तपासणीपूर्वी भीती कमी करणारे औषध द्यावयाचे होते. औषधांचे कपाट संगणकीय. परिचारिकेने औषधाच्या व्यापारी नावाची पहिली दोन अक्षरे टाकली. यंत्र मूळ नावाने शोधणारे. त्याने व्हेक्युरोनियम हे स्नायू लुळे करणारे औषध पुढे केले. सूचना ओलांडून ते काढले गेले. त्या वेळी ती परिचारिका शिकाऊ सहकारिणीशी बोलत होती. हवे ते औषध द्रवरूप होते, हे भुकटीचे; टोपणावर धोक्याची सूचनाही छापलेली होती. औषध दिले गेले आणि रुग्ण महिला दगावली. परिचारिकेने आपली चूक स्वतःहून सांगितली. २०२२ च्या मार्चमध्ये फौजदारी न्यायालयाने तिला दोषी ठरविले आणि मे महिन्यात तीन वर्षांची परिवीक्षा सुनावली. तेथील परिचारिका संघटनेने त्या वेळी उघड चिंता व्यक्त केली की, चूक कबूल करणारीला गुन्हेगार ठरविले तर यापुढे कोणी कबूल करणार नाही.

त्या महिलेच्या कुटुंबाचे दुःख लहान नव्हते, हे मी विसरत नाही. तरी माझे मत त्या संघटनेच्या बाजूचे आहे. ज्या दुकानात फाटलेला ताका दाखविणाऱ्या नोकराचा पगार कापला जातो, त्या दुकानात फाटके ताके तळाशी जाऊन बसतात. आपल्याकडे तर न्यायालयाआधीच नातेवाइकांचा जमाव पोहोचतो. महाराष्ट्रात २०१० साली वैद्यकीय सेवकांवरील हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, ही काही आपल्याला भूषणावह गोष्ट नाही. निष्काळजीपणाला शासन व्हावेच. परंतु ‘थोडक्यात वाचलो’ अशा प्रत्येक प्रसंगाची नोंद निर्भयपणे लिहिता येईल अशी वही आपल्या केंद्रात असली पाहिजे.

एक नाजूक बाब. आपल्या घरांत रात्री चौविहार असतो. केसपेपरवर ‘रात्री जेवणानंतर’ असे लिहिलेले असते. आजीबाई परिचारिकेच्या हातून गोळी घेतात, ‘हो’ म्हणतात आणि उशीखाली ठेवतात. पत्रकावर गोळी दिल्याची सही होते. दुसऱ्या दिवशी रक्तदाब उतरलेला नाही म्हणून डॉक्टर मात्रा वाढवितात. पर्युषणात यापेक्षा गंभीर घडते. मधुमेही रुग्ण कोणालाही न सांगता उपवासाचे पच्चक्खाण घेतो, आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडची गोळी नेहमीप्रमाणे चालू राहते. पोटात अन्न नाही, औषध मात्र साखर उतरवीत राहते. आयंबिल, एकासणे, वर्षीतप, काहीही असो, दाखल होतानाच परिचारिकेला सांगावे. वेळा बदलता येतात, सूर्यास्तापूर्वी बसविता येतात. कॅप्सूलचे वेष्टन बहुधा जिलेटिनचे असते, हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. ज्यांना याविषयी आक्षेप असेल त्यांनी आधी विचारावे, पर्याय असल्यास डॉक्टर देतील. औषध नाकारण्याचा अधिकार रुग्णाला आहे, पण तो तोंडाने सांगून, उशीखाली ठेवून नव्हे. पच्चक्खाणातील आगारांविषयी महाराजसाहेबांना विचारावे; शास्त्राचा अर्थ सांगण्याचा मला अधिकार नाही.

घरून आणलेली औषधे, काढे, भस्मे यांविषयीही हेच सांगणे. रुग्णालयात रक्तदाबाची गोळी चालू असताना डब्यातील तीच गोळी मुलगा आपुलकीने देतो, आणि मात्रा दुप्पट होते. औषधाचा विपरीत परिणाम जाणवला तर डॉक्टरांना कळवावेच, शिवाय भारत सरकारच्या औषधसतर्कता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक सामान्य माणसासाठीही आहे.

आता विश्वस्त मंडळाला विनंती. सुवर्णमहोत्सवी निधीतून केंद्राची नवी इमारत उभी राहत आहे, आणि तिचा नकाशा पुढील सभेत मंजुरीसाठी येणार आहे. मी तो पाहिला. दर्शनी भागात देणगीदारांच्या नामफलकांसाठी संगमरवरी भिंत आहे, ती सुंदर आहे. औषधे तयार करण्याची जागा मात्र लिफ्टच्या समोर, भेटीला येणाऱ्यांच्या वाटेवर, विनादाराची दाखविली आहे. ती जागा आत घेऊन तिला दार करावे, वर चांगला दिवा आणि इन्सुलिनसाठी वेगळा फ्रीज द्यावा. रात्रपाळीला एका मजल्यावर एकच परिचारिका असेल तर दुहेरी तपासणी कोणी करावयाची? रात्रीसाठी प्रत्येक मजल्यावर आणखी एक जागा मंजूर व्हावी. नामफलकाची भिंत चार फुटांनी लहान झाली तरी चालेल. माझ्या कुटुंबाचे नाव त्यातून प्रथम कमी करावे, असे पत्र मी अध्यक्ष महोदयांकडे दिले आहे.

परिचारिका औषधांच्या फेरीवर असताना पिवळा एप्रन घालतील, अशी पद्धत मेट्रनबाई पुढील महिन्यापासून सुरू करीत आहेत. तो एप्रन दिसेल तेव्हा तिला हाक मारू नये. तातडीचे असेल तर टेबलावरील घंटा वाजवावी. चालू औषधांची नावे, मात्रा, ॲलर्जी आणि व्रतनियम लिहिण्याचे कार्ड समितीने छापून घेतले आहे. सभागृहाबाहेर ते ठेवलेले असून घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या व्यक्तीसाठी एकेक घेऊन जावे. भरताना अडचण आली तर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत मी आणि समितीचे दोन सभासद कार्यालयात बसणार आहोत. येताना औषधांच्या पट्ट्या सोबत आणाव्यात.